चित्र गेलं? डिश आणि सेट-टॉप बॉक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्र गेलं की घरातलं कोणीतरी वर जातं आणि डिश हलवून येतं. बिघाड बहुधा तिथे नसतो. हलवल्यानंतर मात्र एकाचे दोन होतात. म्हणून या पानावरची उत्तरं टीव्हीपासून सुरू होऊन डिशकडे जातात, आणि डिशचा नट सैल करण्याची वेळ शक्यतो येऊच नये अशा बेताने लिहिली आहेत.

पडद्यावर 'नो सिग्नल' दिसतंय. सुरुवात कुठून करू?

हा मेसेज कोण दाखवतंय ते आधी ओळखा. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दोघेही 'सिग्नल नाही' म्हणतात, पण दोघांची तक्रार वेगळी असते. टीव्हीचा मेसेज असेल तर त्याला बॉक्सकडून काही मिळत नाहीये. बॉक्सचा असेल तर त्याला डिशकडून काही मिळत नाहीये.

ओळखायला बॉक्सच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. बॉक्सचा मेनू पडद्यावर उमटला तर टीव्ही, बॉक्स आणि त्यांच्यामधली वायर ठीक आहेत. शोध डिशच्या केबलकडे न्या. मेनू आलाच नाही तर गच्चीवर जाण्याचं कारणच नाही, दोष टीव्हीसमोरच आहे.

टीव्हीच म्हणतोय सिग्नल नाही. बॉक्सचा दिवा तर लागलेला आहे.

टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट असं लिहिलेलं बटण असतं. वायर एचडीएमआय-२ मध्ये आणि टीव्ही एचडीएमआय-१ वर, हे इतक्या घरांत घडतं की कोणालाही फोन करण्याआधी सगळे इनपुट एकदा फिरवून पाहावेत. लहान मुलांच्या हाती रिमोट गेला असेल तर नक्कीच.

तेवढ्याने भागलं नाही तर वायर दोन्ही टोकांनी काढून घट्ट बसवा, टीव्हीच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहा, मग दोन्ही यंत्रं बंद करून आधी टीव्ही आणि नंतर बॉक्स या क्रमाने सुरू करा. क्रमाला कारण आहे. एचडीएमआय जोडली की बॉक्स टीव्हीला कोणतं रिझोल्यूशन झेपतं ते विचारून घेतो, आणि चोरून नक्कल होऊ नये म्हणून असलेल्या एचडीसीपीच्या किल्ल्यांची देवघेव होते. ही बोलणी मध्येच तुटली की पडदा काळा राहतो किंवा दर काही सेकंदांनी लुकलुकतो.

कधी बॉक्सवर असं रिझोल्यूशन निवडलं जातं की जुन्या टीव्हीला ते दाखवताच येत नाही, आणि मग ते बदलायचा मेनूही दिसत नाही. अशा वेळी बॉक्स थोडा वेळ पिवळ्या-पांढऱ्या-लाल एव्ही वायरीने किंवा दुसऱ्या टीव्हीला जोडा, रिझोल्यूशन खाली आणा आणि बॉक्स परत जागेवर लावा. एचडीएमआयची साधी वायर दहा-पंधरा मीटरपेक्षा लांब असेल तर तीही संशयित धरा.

चित्र आहे, पण आवाज नाही. किंवा आवाज आहे, पण चित्र काळं-पांढरं.

आवाज फक्त काही चॅनलवरच जात असेल तर बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी पीसीएम (म्हणजे साधा, न गुंडाळलेला आवाज) किंवा स्टीरिओ निवडा. बॉक्स डॉल्बीचा आवाज जसाच्या तसा पुढे ढकलतो आणि टीव्हीला तो उलगडता येत नाही, असा हा प्रकार असतो. त्याच चॅनलवर दुसऱ्या भाषेचा ऑडिओ निवडलेला आहे का तेही पाहा. सगळ्याच चॅनलवर शांतता असेल तर बॉक्सचा आवाज वेगळा आणि टीव्हीचा वेगळा असतो, हे लक्षात घेऊन दोन्हीकडचे म्यूट तपासा.

काळं-पांढरं चित्र एव्ही वायरीवरच दिसतं. पिवळी पिन चुकीच्या सॉकेटमध्ये गेलेली असते, किंवा बॉक्स एनटीएससी या रंगीत चित्राच्या पद्धतीने चित्र देतो आणि टीव्ही पाल या दुसऱ्या पद्धतीची वाट पाहत असतो. बॉक्सच्या बाजूला ३.५ मिलिमीटरचं एकच भोक असेल तर त्यासाठीची वायर त्या बॉक्सबरोबर आलेलीच वापरा. वरून सारख्या दिसणाऱ्या या वायरींच्या आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते, आणि मग चित्राच्या जागी आवाज आणि आवाजाच्या जागी घरघर येते.

मेनूमध्ये स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. पाहायची कोणती?

क्वालिटी. स्ट्रेंग्थ फक्त सांगते की केबलमधून किती ताकदीचं काहीतरी येतंय. ते काहीतरी म्हणजे तुमचे चॅनल असतील, शेजारच्या उपग्रहाचे चॅनल असतील, नाहीतर एलएनबीचा स्वतःचा गोंगाट असेल. एलएनबी म्हणजे डिशच्या दांड्यावर बसवलेला तो डबीसारखा भाग. क्वालिटी मात्र बॉक्सला त्यातून नीट आकडे वाचता येतात की नाही ते सांगते.

दोन्ही पट्ट्या एकत्र वाचल्या की अर्धं निदान तिथेच होतं. दोन्ही शून्य असतील तर केबल तुटली आहे, कनेक्टर निघाला आहे, एलएनबी मेला आहे किंवा बॉक्स त्याला वीज देत नाहीये. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर वीज पोचते, एलएनबी जिवंत आहे, पण डिश योग्य उपग्रहाकडे पाहत नाही, समोर काहीतरी आडवं आलंय किंवा बॉक्समधली एलएनबीची सेटिंग बदलली आहे. दोन्ही ठीक असूनही चित्र नाही, तर प्रश्न सिग्नलचा नाही. पुढे कार्ड आणि पॅकवरचं उत्तर वाचा.

या पट्ट्यांचे टक्के कंपनी ठरवेल तसे असतात. एका बॉक्सवरचे ६० आणि दुसऱ्यावरचे ६० यांची तुलना करू नका. चांगल्या दिवशी तुमच्या बॉक्सवर किती आकडा असतो, तो एकदा लिहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नसतं.

चित्राचे चौकोन का होतात? जुन्या अँटेनासारखं नुसतं मुंग्या-मुंग्यांचं का दिसत नाही?

डिजिटल सिग्नलमध्ये चुका दुरुस्त करणारी जादा माहिती मिसळलेली असते. चुका थोड्या असल्या की बॉक्स त्या भरून काढतो आणि तुम्हाला काही कळतही नाही. एका मर्यादेपलीकडे त्या भरून निघत नाहीत. मग चौकोन, तुटक आवाज, आणि किंचित आणखी घसरलं की काहीच नाही. चित्र 'थोडंसं खराब' अशी अवस्था जवळजवळ नसतेच. म्हणून सिग्नल काठावर असलेली डिशसुद्धा निरभ्र आकाशाखाली अगदी स्वच्छ चित्र दाखवते, आणि पहिल्याच ढगाबरोबर कोसळते.

काही चॅनल लागतात, काही लागत नाहीत. हे कसं?

हा प्रश्न आला की खरं तर आनंद व्हावा, कारण कोणते चॅनल गेले यावरूनच दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं.

बॉक्स आणि एलएनबी एकाच केबलवरून एकमेकांशी बोलतात. बॉक्सने १३ व्होल्ट पाठवले की एलएनबी उभ्या ध्रुवणाचे (ज्यांची लहर उभी कंप पावते ते) चॅनल देतो, १८ व्होल्ट पाठवले की आडव्या ध्रुवणाचे. चक्राकार ध्रुवण असेल तिथे हेच दोन व्होल्टेज उजवं आणि डावं ठरवतात. त्याशिवाय युनिव्हर्सल एलएनबीला २२ किलोहर्ट्झचा सूर मिळाला की तो फ्रिक्वेन्सींच्या वरच्या पट्ट्यात जातो, नाही मिळाला तर खालच्या. केयू बँडचा, म्हणजे घरगुती डिशच्या फ्रिक्वेन्सींचा, १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा पसारा एका केबलमध्ये मावत नाही, म्हणून ही वाटणी.

आता उलट वाचा. बॉक्सच्या माहितीच्या बटणावर किंवा ट्रान्सपॉन्डरच्या (उपग्रहावरच्या एकेका प्रक्षेपकाच्या) यादीत चॅनलपुढे व्ही (उभं ध्रुवण) किंवा एच (आडवं) असं लिहिलेलं सापडतं. फक्त एच गेले असतील तर १८ व्होल्ट एलएनबीपर्यंत पोचत नाहीयेत. केबल फार लांब आहे, तिची मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाची आहे, सांध्यात गंज आहे, किंवा बॉक्सचा पॉवर सप्लाय थकला आहे. वरचा अख्खा पट्टा गेला असेल तर २२ किलोहर्ट्झचा सूर कुठेतरी अडतोय, नाहीतर सेटिंगमध्ये तो बंद पडलाय. युनिव्हर्सल एलएनबीसाठी मेनूमध्ये ९७५० आणि १०६०० (मेगाहर्ट्झ) असे दोन आकडे लागतात. ते कोणी बदलले नाहीत ना, तेही तपासा. तुमचा एलएनबी दुसऱ्या प्रकारचा असेल तर आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो.

एकाच फ्रिक्वेन्सीवरचे चार-सहा चॅनलच तेवढे जात असतील, बाकी सगळं उत्तम असेल, तर दोन शक्यता. एक, प्रसारकाने ते चॅनल दुसरीकडे हलवले आहेत. पुन्हा स्कॅन करा. दुसरी जरा मजेशीर आहे: घरातला डेक्ट प्रकारचा कॉर्डलेस फोन. एलएनबी आकाशातली फ्रिक्वेन्सी खाली उतरवून केबलमधून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर पाठवतो, आणि डेक्ट फोन अनेक देशांत १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतो. केबलची जाळी सैल असेल किंवा कनेक्टर ढिला असेल तर फोन आत शिरतो आणि नेमके तेवढेच चॅनल खातो. फोनचा तळ बॉक्सपासून लांब नेऊन पाहा. फरक पडला तर दोष फोनचा नाही, कनेक्टरचा आहे.

पावसात चित्र जातं. यावर काही उपाय?

थोडा आहे, पूर्ण नाही. केयू बँडच्या लहरींची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे थेंब त्यातली ऊर्जा शोषतात आणि विखुरतात, शिवाय ओलं आकाश स्वतःचा गोंगाट वाढवतं. सी बँड या खालच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याची लहर सुमारे तिप्पट लांब असल्याने तिला पावसाचा त्रास फार कमी होतो, पण तिच्यासाठी डिशही मोठी लागते.

उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, आणि त्याच्या एका ट्रान्सपॉन्डरची शक्ती शंभर वॅटच्या घरातली असते. इतक्या लांबून आलेल्या त्या चिमूटभर सिग्नलमध्ये पावसासाठी किती शिल्लक ठेवायची, ते डिशच्या आकारावर आणि अचूक रोखावर ठरतं. म्हणून उपाय दोनच: डिश अगदी नेमकी लावणं आणि गरज असेल तर एक माप मोठी डिश घेणं. केबलमध्ये अँप्लिफायर लावून पाऊस हटत नाही. तो सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो. लांब केबलमधली घट भरून काढायला त्याचा उपयोग आहे, तोही एलएनबीजवळ लावला तर.

मुसळधार सरीत दहा-वीस मिनिटं चित्र गेलं तर ते निसर्गाचं काम आहे. रिमझिम पावसात जात असेल तर तुमची डिश मुळातच काठावर आहे. आणि पाऊस थांबून ऊन पडलं तरी तासन् तास चित्र येत नसेल तर पाणी कनेक्टरमध्ये किंवा एलएनबीच्या फुटलेल्या झाकणातून आत गेलं आहे. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तंत्रज्ञाला फोन करताना यातली कोणती ते सांगितलंत तर त्याची एक फेरी वाचते.

एलएनबीवर प्लास्टिकची बाटली कापून घालण्याची युक्ती बरीच दिसते. झाकण फुटलेलं असेल तर तात्पुरती ठीक. एरवी त्या प्लास्टिकवरच पाण्याचा पापुद्रा साचतो, आणि एलएनबीच्या तोंडासमोरचा पापुद्रा सिग्नल अडवतो.

वर्षातून दोनदा, ठरावीक वेळी, भर उन्हात काही मिनिटं चित्र जातं. हे काय आहे?

सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. सूर्य हा रेडिओ लहरींचाही प्रचंड स्रोत आहे, त्यामुळे त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडून जातो. हे दोन्ही विषुवदिनांच्या आसपास घडतं. उत्तर गोलार्धात मार्चच्या विषुवदिनाआधी आणि सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर, दक्षिण गोलार्धात याच्या उलट. काही दिवस रोज त्याच सुमाराला, काही मिनिटं. लहान डिशचा झोत रुंद असल्याने तिच्यावर हा खेळ जरा जास्त वेळ चालतो. काहीही करू नका, आपोआप थांबतं.

याचा एक फायदा मात्र करून घेण्यासारखा आहे. त्या मिनिटांत डिशकडे पाहा. तिच्या अंगावर झाडाची किंवा भिंतीची सावली पडलेली दिसली, तर तीच वस्तू उपग्रहाच्या वाटेतही आहे. झाडाची फांदी हळूहळू वाढत सिग्नल खातेय का, हे ओळखायला याहून स्वस्त मीटर नाही.

केबल आणि कनेक्टर नीट आहेत हे कसं तपासायचं?

आधी बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करा. केबलमध्ये वीज असते; चालू असताना कनेक्टर उघडताना मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर शॉर्ट होतं. 'एलएनबी शॉर्ट' असा मेसेज आधीच आलेला असेल तर तेच घडलं आहे. बहुतेक वेळा जाळीचा केसाएवढा एखादा तंतू मधल्या तारेला लागलेला असतो.

डिशला ७५ ओहमची आरजी-६ केबल लागते. जुन्या घरातली बारीक केबल भिंतीत तयार आहे म्हणून तीच वापरली, तर वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेतच झिजतात. केबल एकसलग असावी. प्रत्येक सांधा म्हणजे पाणी आणि गंज शिरायची नवी जागा, आणि तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा तर या फ्रिक्वेन्सींना चालतच नाही.

एफ-कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा धातूचा कनेक्टर, उघडून मधली तार पाहा. ती सरळ, चकचकीत आणि कनेक्टरच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेर असायला हवी. आखूड असेल तर कधी टेकते, कधी नाही, आणि मग दार आपटलं की चित्र जातं. तारेवर काळसर किंवा हिरवट थर असेल तर पुसत बसू नका. तेवढं टोक कापा आणि नवा कनेक्टर बसवा. बसवताना बाहेरचं आवरण सोला, जाळी मागे दुमडा, पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी बरोबर सपाट येऊ द्या. पिळून बसवायचे कनेक्टर घरात चालून जातात. उघड्यावर मात्र दाबून बसवायचा कॉम्प्रेशन कनेक्टरच घ्या, आणि त्यासाठी हत्यार नसेल तर ते काम ज्याच्याकडे आहे त्याला द्या.

एलएनबीच्या खाली केबल थेट वर न चढवता एक लोंबता वेढा सोडावा, म्हणजे पाणी वेढ्याच्या तळाशी येऊन गळून जातं, कनेक्टरकडे वाहत नाही. कनेक्टरवर ताणली की एकजीव होणारी रबराची टेप गुंडाळा. साधी काळी टेप उन्हाने सुटते आणि सुटल्यावर पाणी बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवते. केबल भिंतीच्या कडेवर काटकोनात वाकवू नका, खिळा थेट तिच्यावर ठोकू नका, आणि खिडकीच्या फटीत चेपू नका. चेपलेली केबल वरून धडधाकट दिसते, म्हणून शेवटपर्यंत तिच्यावर कोणाचा संशय जात नाही.

सगळं तपासूनही शंका असेल तर सोपा प्रयोग करा: बॉक्स आणि छोटा टीव्ही वर नेऊन दोन मीटरच्या नव्या केबलने थेट एलएनबीला जोडा. तिथे चित्र उत्तम आलं तर दोष मधल्या केबलमध्ये, नाही आलं तर एलएनबी किंवा डिशच्या रोखात.

खरंच डिश हलली आहे. मी स्वतः लावू शकतो का?

ती हात पोचेल अशा सुरक्षित जागी असेल तर हो. उतरत्या छपरावर, कठड्याबाहेर किंवा विजेच्या तारांजवळ असेल तर नाही. या 'नाही'ला अपवाद काढू नका.

विषुववृत्तावरच्या उपग्रहाकडे पाहायचं म्हणून उत्तर गोलार्धातल्या डिश दक्षिणेच्या अंगाला आणि दक्षिण गोलार्धातल्या उत्तरेच्या अंगाला वळलेल्या असतात. तीन कोन जुळवायचे असतात: आडवी दिशा, उभी चढण आणि एलएनबीचा स्वतःभोवतीचा पीळ. तुमच्या गावाचे आणि उपग्रहाचे रेखांश-अक्षांश दिले की हे तिन्ही आकडे मोबाइलवरची ॲप देतात. मोबाइलचं होकायंत्र मात्र लोखंडी खांबाजवळ खुशाल खोटं बोलतं. चार पावलं दूर उभे राहून दिशा धरा आणि समोरच्या एखाद्या खुणेशी जुळवा.

घरगुती डिश बहुतेक ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे ती दिसते त्यापेक्षा वीसेक अंश वर पाहत असते. जवळजवळ उभी दिसणारी डिशही आकाशातच पाहत असते, तेव्हा नजरेने अंदाज न करता ब्रॅकेटवरची पट्टी वाचा. त्यासाठी खांब अगदी ओळंब्यात हवा. खांबच कलता असेल तर पट्टीवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

चढण पट्टीप्रमाणे ठेवा, नट एवढेच आवळा की डिश हलेल पण आपोआप घसरणार नाही. मग आडव्या दिशेने अगदी थोडी फिरवा आणि थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. सर्रकन फिरवणारा माणूस उपग्रहावरून पुढे निघून जातो आणि त्याला ते कळतही नाही. साठ सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम तीन अंशांचा असतो, आणि शेजारचा उपग्रहही दोन-तीन अंशांवरच असू शकतो. क्वालिटी दिसू लागली की सर्वांत वरचा आकडा गाठा, मग चढण किंचित वरखाली करून पाहा, शेवटी एलएनबीचा पीळ. चक्राकार ध्रुवण असेल तर पिळाची गरज नसते.

सुरुवात करण्याआधी डिशची जुनी जागा खांबावर मार्करने आखून घ्या. आणि नट आवळताना एक बाजू पूर्ण, मग दुसरी, असं करू नका. आलटून पालटून आवळा, नाहीतर शेवटच्या पिळ्यात डिश सरकते आणि तासाभराची मेहनत जाते.

जाळीच्या आत किंवा खिडकीच्या काचेमागे डिश ठेवली तर?

लोखंडी गज आणि जाळी सिग्नल परतवतात. साध्या काचेतून थोडी घट होऊन काही वेळा चालून जातं, पण ऊन अडवण्यासाठी धातूचा मुलामा दिलेल्या काचेतून नाही.

एका डिशवर दोन टीव्ही चालवायचे आहेत. स्प्लिटर लावला तर चालेल?

दोन टीव्हींवर एकच चॅनल पाहायचा असेल तर एकच बॉक्स पुरतो. त्याच्या एका आउटपुटवरून एक आणि दुसऱ्यावरून दुसरा टीव्ही जोडा. वेगवेगळे चॅनल हवे असतील तर दोन बॉक्स लागतात, आणि तिथे साधा स्प्लिटर फसतो. एका बॉक्सने १३ व्होल्ट मागितले आणि दुसऱ्याने १८, तर एलएनबीने ऐकायचं कोणाचं? परिणाम असा की एका खोलीत चॅनल बदलला की दुसऱ्या खोलीत चित्र जातं. त्यावर उपाय म्हणजे दोन तोंडांचा ट्विन एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र केबल. चार बॉक्ससाठी क्वाड एलएनबी मिळतो, आणि अख्ख्या इमारतीसाठी मल्टीस्विच, म्हणजे एका डिशचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारं यंत्र.

बॉक्स अडकतो, किंवा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

रिमोटने बंद केलेला बॉक्स खरा बंद नसतो, नुसता डुलकी घेतो. भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभर थांबा, मग सुरू करा. सॉफ्टवेअर अपडेट चालू असल्याचा मेसेज असेल तर मात्र वीज अजिबात तोडू नका. अर्धवट अपडेटने बॉक्स कायमचा बसू शकतो.

वारंवार सुरू-बंद होत असेल तर पहिला संशयित अॅडॉप्टर. त्याचा दिवा लागतो म्हणून तो धड आहे असं नाही. दिव्याला काहीच लागत नाही. खरी ओढ एलएनबीला १८ व्होल्ट द्यायची वेळ आली की पडते. ठरावीक चॅनल लावले की बॉक्स रीस्टार्ट होतो, ही तक्रार बहुधा इथलीच असते. केबल बॉक्समधून काढून पाहा: केबलशिवाय बॉक्स शांत राहिला तर शॉर्ट केबलमध्ये किंवा एलएनबीत आहे, किंवा अॅडॉप्टर थकला आहे. बदली अॅडॉप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, पिनची ध्रुवता तीच हवी, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. जास्त अँपिअरने काही बिघडत नाही.

बॉक्सवर दुसरा बॉक्स, त्यावर राउटर, त्यावर टॉवेल अशी उतरंड रचू नका. गरम हवेला वाट द्या.

सिग्नल उत्तम आहे, पण 'हा चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही' किंवा 'कार्ड टाका' असं येतं.

पैसे भरले असतील तर बॉक्स चालू ठेवा. चॅनल उघडण्याची परवानगी उपग्रहावरूनच, तुमच्या कार्डाच्या क्रमांकावर पाठवलेली असते आणि ती ठरावीक अंतराने पुन्हा पाठवली जाते. बॉक्स बंद असेल किंवा सिग्नल नसेल तर ती त्याला कशी मिळणार? कंपनीच्या ॲपमध्ये किंवा फोनवर परवानगी पुन्हा पाठवण्याची सोय असते, ती बॉक्स चालू असतानाच वापरा. बरेच दिवस बंद ठेवलेल्या बॉक्सला जागं व्हायला वेळ लागतो.

कार्ड काढून सोनेरी चिप मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि बाणाप्रमाणे परत घाला. खोडरबर आणि सँडपेपर नको. एका बॉक्सचं कार्ड दुसऱ्यात घालून चालत नाही, कारण दोघांची जोडी बांधलेली असते.

शेजाऱ्याच्या बॉक्सवर एचडी चॅनल दिसतात, माझ्यावर सापडतच नाहीत. डिश बदलावी लागेल का?

डिश नाही, बॉक्स. जुने बॉक्स डीव्हीबी-एस पद्धत आणि एमपीईजी-२ चित्रच ओळखतात. एचडी चॅनल सहसा डीव्हीबी-एस२ आणि एमपीईजी-४ किंवा त्यापुढच्या पद्धतीने येतात. जुन्या बॉक्सला ते तिथे आहेत हेसुद्धा कळत नाही, म्हणून स्कॅनमध्येच येत नाहीत.

दुपारी चित्र जातं, संध्याकाळी आपोआप येतं.

एलएनबी म्हातारा झाला. त्याच्या आत फ्रिक्वेन्सी उतरवणारा जो ऑसिलेटर असतो, तो तापला की सरकतो. ओली चिंधी गुंडाळून एलएनबी थंड करून पाहा. चित्र आलं तर नवा घ्या, तोच प्रकार आणि तेच आकडे असलेला.

रिमोट चालत नाही.

सेल बदला, मग रिमोटवर टीव्ही आणि एसटीबी (म्हणजे सेट-टॉप बॉक्स) अशी दोन बटणं असतील तर एसटीबी दाबा. तरीही नाही तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावून रिमोटच्या टोकाकडे पाहत बटण दाबा. बऱ्याच कॅमेऱ्यांत इन्फ्रारेडचा जांभळट लखलखाट दिसतो. तो दिसला तर रिमोट ठीक आहे आणि बॉक्सच्या डोळ्यासमोर काहीतरी ठेवलेलं आहे.

विजांचं वादळ येणार असेल तर काय काढून ठेवू?

बॉक्सचा प्लग आणि डिशची केबल, दोन्ही. फक्त प्लग काढून अर्धंच काम होतं, कारण केबल हा दुसरा रस्ता उघडाच राहतो. हे वादळ दूर असताना करा. गडगडाट डोक्यावर आल्यावर केबलला हात लावू नका. डिशच्या लोखंडी खांबाला अर्थिंग असावं, पण थेट कोसळलेल्या विजेपुढे त्याचाही भरवसा धरू नये.

तंत्रज्ञाला बोलावताना काय सांगू?

'चालत नाही' सोडून काहीही. एरर कोड, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटीचे आकडे, सगळे चॅनल की ठरावीक, नेहमी की पावसात की दुपारी, आणि अलीकडे घरात रंगकाम, नवी खिडकी किंवा झाडाची छाटणी झाली आहे का. रंगाऱ्यांनी डिश क्षणभर बाजूला वळवून 'होती तशी' ठेवलेली असण्याची शक्यता फार मोठी असते. तंत्रज्ञ काम संपवून निघण्याआधी क्वालिटीचा नवा आकडा त्याच्याकडूनच बॉक्सच्या पाठीवर लिहून घ्या.